पॉटकेटचे मुंडकार, रॉचेस्टरची गावकारी

बेसबॉलचा मोसम ऑक्टोबर संपता संपता आटोपतो आणि मग बातम्यांचा मोसम सुरू होतो. अमेरिकेत याला 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. जुन्या काळी बर्फाच्या दिवसांत दुकानातल्या पेटत्या शेगडीभोवती माणसं जमायची आणि कुठला खेळाडू कुठे जाणार, कोणाला किती मिळणार याच्या गजाली रंगायच्या, त्यावरून हे नाव पडलं. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या या हिवाळी गजाली मी गेली बरीच वर्षं वाचत आलो आहे. सामने पाहण्यापेक्षा बातम्या वाचणंच जास्त. कारण बॉस्टनचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे पावणेपाचच्या सुमाराला सुरू होतो, आणि त्या वेळी उठून पाहावा एवढी माझी भक्ती नाही.

या बातम्यांत खेळाडू असतात, त्यांचे दलाल असतात, मालक असतात, कोट्यवधी डॉलर असतात. नसतं ते फक्त गाव. आणि खरं सांगायचं तर हिवाळ्यात सगळ्यात मोठा निकाल लागतो तो एखाद्या गावाचाच. खेळाडूला दुसरा संघ मिळतो. गावाचा संघ गेला की मैदानात गवत वाढतं.

ज्यांना ही रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो (ठाऊक असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल). मेजर लीगमध्ये तीस संघ. प्रत्येकाच्या हाताखाली चार दुय्यम संघ, चार वेगवेगळ्या गावांत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. सगळ्यात वर ट्रिपल ए, मग डबल ए, मग हाय ए, मग सिंगल ए. अठरा-वीस वर्षांचा मुलगा खालच्या पायरीवर सुरुवात करतो आणि वर चढत जातो. बहुतेक जण वरपर्यंत पोचतच नाहीत. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर असं समजा, की मुंबईच्या एखाद्या क्रिकेट संघाने फोंड्यात आपला दुय्यम संघ ठेवला. खेळाडू मुंबईचे, प्रशिक्षक मुंबईचे, त्यांचे पगारही मुंबई देणार. मैदान बहुतेक वेळा बांधणार फोंड्याची नगरपालिका. तिकिटं काढणार फोंड्याची माणसं. नफा-तोटा फोंड्यात जो कोणी संघाचा मालक असेल त्याचा. मुलगा चांगला खेळू लागला की त्याला मुंबईहून फोन येणार आणि तो चालू सामना सोडूनसुद्धा निघणार. आणि एके दिवशी मुंबईने ठरवलं की फोंडा नको, डिचोली बरी, की विषय संपला.

या व्यवस्थेला इंग्रजीत 'फार्म सिस्टीम' म्हणतात, म्हणजे शेतीच. सेंट लुईस कार्डिनल्स संघाच्या ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात ती बसवली. श्रीमंत संघांशी चढाओढ करून तयार खेळाडू विकत घेणं परवडत नाही, तर लहान गावांतले संघच ताब्यात घ्यावेत आणि खेळाडू आपणच पिकवावेत, असा साधा हिशेब. (हेच रिकी पुढे ब्रुकलिन डॉजर्सकडे गेले आणि १९४७ मध्ये त्यांनी जॅकी रॉबिन्सनला मेजर लीगच्या मैदानावर उतरवलं. माणूस हिशेबी होता, पण नुसता हिशेबी नव्हता.) आता शेती म्हटली की गोंयकाराच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो म्हणजे भाट कोणाचं?

ऱ्होड आयलंड राज्यातलं पॉटकेट हे गिरणीचं गाव. सॅम्युअल स्लेटरची १७९३ ची सूतगिरणी इथलीच. अमेरिकेच्या औद्योगिक क्रांतीची सुरुवात तिच्यापासून मोजतात. पुढे गिरण्या गेल्या, माणसं राहिली. केप व्हर्दे बेटांवरून आलेल्यांची इथे मोठी वस्ती आहे, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यात एके काळी ते आणि आपण एकाच छपराखाली होतो. १९४२ साली उघडलेलं मॅकॉय स्टेडियम इथे होतं आणि १९७३ पासून रेड सॉक्सचा ट्रिपल ए संघ तिथे खेळत असे. नाव पॉटकेट रेड सॉक्स, लाडाने पॉसॉक्स. या मैदानाची एक गंमत होती. प्रेक्षकांची पहिली रांग मैदानापेक्षा बरीच उंच आणि खेळाडूंची बसायची जागा तिच्या खाली. त्यामुळे पोरं काय करायची, दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवायची आणि दोरीला बांधून खाली सोडायची. खेळाडू सही करून दोरी हलवायचा, पोरं वर ओढून घ्यायची. आपली पोरं मानशीवर गरी टाकून बसतात तसंच.

याच मैदानावर १८ एप्रिल १९८१ च्या रात्री व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला सामना झाला. समोर रॉचेस्टरचा रेड विंग्ज संघ. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. बरोबरी झाली तर पुढे चालू. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेला नवा डाव सुरू करू नये असा लीगचा नियम होता, पण पंचांकडच्या पुस्तिकेत नेमका तोच छापायचा राहून गेला होता. मग काय, खेळत राहिले. थंडी एवढी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पिंपात घालून पेटवल्या. शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोनवर गाठलं तेव्हा पहाटेचे चार वाजून सात मिनिटं झाली होती, बत्तीस डाव झाले होते आणि गुण २-२. उजाडत होता तो ईस्टरचा दिवस. प्रेक्षक उरले होते एकोणीस. जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि शेवटच्या अंकाला मंडपात नटांपेक्षा प्रेक्षक कमी असतात, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना या एकोणीस जणांची ओळख करून द्यायला नको. उरलेला डाव २३ जूनला झाला आणि अठरा मिनिटांत पॉटकेटने ३-२ असा सामना जिंकला. त्या रात्री दोन्ही बाजूंना तिसऱ्या बेसवर खेळणारे दोघे, वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन, पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले.

पॉसॉक्स १९७७ मध्ये दिवाळखोरीत निघालेला संघ होता. तो बेन मॉन्डोर नावाच्या निवृत्त कापडउद्योजकाने घेतला, तिकिटं स्वस्त ठेवली आणि तीसेक वर्षं घरच्या दुकानासारखा चालवला. २०१० मध्ये ते वारले. २०१५ मध्ये त्यांच्या घरच्यांकडून एका गुंतवणूकदार गटाने संघ विकत घेतला; त्या गटात रेड सॉक्सचेच त्या वेळचे अध्यक्ष लॅरी लुकिनो होते. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की मैदान जुनं झालं, नवं हवं. आधी शेजारच्या प्रॉव्हिडन्समध्ये, ते जमेना तेव्हा पॉटकेटमध्येच, पण त्यात सरकारने हात घालावा.

ऱ्होड आयलंडच्या लोकांनी हात आखडता घेतला याबद्दल पुष्कळांनी त्यांना नावं ठेवली. मी ठेवणार नाही. २०१० मध्ये याच राज्याने कर्ट शिलिंग या रेड सॉक्सच्या माजी पिचरच्या व्हिडिओ गेम कंपनीला साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. २०१२ मध्ये ती कंपनी बुडाली आणि बोजा पडला करदात्यांवर. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. तरीही विधिमंडळाने २०१८ च्या उन्हाळ्यात एक योजना मंजूर केली, पण तोवर मालकांचं मन दुसरीकडे गेलं होतं. १७ ऑगस्ट २०१८ ला त्यांनी जाहीर केलं की संघ मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला जाणार. वुस्टरने बांधलेल्या नव्या मैदानाचा खर्च वाढत वाढत सुमारे सोळा कोटी डॉलरवर गेला. पॉटकेटला निरोपाचा मोसमसुद्धा मिळाला नाही. २०२० चा मोसम शेवटचा ठरला होता, तो महामारीने रद्द झाला. त्या वर्षी मॅकॉयच्या हिरवळीवर टेबलं मांडून लोकांना रात्रीचं जेवण वाढलं गेलं, तोच निरोप. २०२५ मध्ये मैदान पाडायला घेतलं. तिथे हायस्कूल होणार आहे. (त्याच वर्षी पॉटकेटमध्ये नदीकाठी फुटबॉलचं नवं स्टेडियम उघडलं. बेसबॉलला हो-ना करणाऱ्या राज्याने यात पैसे घातले. गावाला आता फुटबॉलचा संघ आहे, आणि केप व्हर्देवाल्यांना तो बेसबॉलपेक्षा जवळचा वाटला तर मला नवल वाटणार नाही.)

आपल्याकडे भाटकार आणि मुंडकार हे नातं काय होतं ते वेगळं सांगायला नको. जमीन भाटकाराची, घर मुंडकाराचं. माड पाडायचे, राखण करायची, आणि भाटकाराची मर्जी गेली तर बिऱ्हाड उचलायचं. त्याविरुद्ध १९७५ चा मुंडकार कायदा आला तेव्हा कुठे घराखालच्या जमिनीला धक्का लागेनासा झाला. बेसबॉलच्या लहान गावांची गोष्ट तशीच, फक्त उलटी. इथे जमीन गावाची, घर गावाने बांधलेलं, आणि तरीही मुंडकार गावच! कारण ज्यामुळे घराला किंमत आहे, ते खेळाडू आणि ते नाव, दुसऱ्याच्या हातात.

हे सगळ्यात उघडं पडलं ९ डिसेंबर २०२० ला. मेजर लीग आणि मायनर लीग यांच्यातला जुना करार त्या सप्टेंबरात संपला होता. मेजर लीगने तो नव्याने केलाच नाही. मायनर लीगचा कारभार स्वतःकडे घेतला आणि १६० च्या आसपास असलेल्या संघांपैकी १२० संघांना आमंत्रण धाडलं. बाकीचे चाळीस बाहेर. कारणं दिली ती अशी, की मैदानं निकृष्ट आहेत, प्रवास लांबचे आहेत, खेळाडूंची आबाळ होते. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण यादी लागली त्या दिवशी कुठल्या गावाला विचारलं होतं, असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

रेड सॉक्सच्या यादीत वुस्टर, पोर्टलंड, ग्रीनव्हिल आणि सेलम ही नावं होती. लोवेल नव्हतं. लोवेल हेही गिरणीचंच गाव, १८२० च्या दशकात सूत आणि कापडासाठी मुद्दाम वसवलेलं. संघाचं नावच स्पिनर्स, म्हणजे सूत कातणारे. या गावाने एके काळी सलग चारशेहून अधिक सामन्यांची तिकिटं संपवली होती. आज ज्याच्या नावावर एवढी बक्षिसं आहेत तो मूकी बेट्स २०१२ च्या उन्हाळ्यात इथे खेळला आणि त्याला एकही होमरन मारता आला नाही. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्याच असणार, कारण लहान गावात पोरगा लहान असतानाच पाहायचा असतो. २०२१ च्या मोसमात लोवेलला संघ नव्हता.

आणि ग्रीनव्हिल? तेही गिरणीचंच गाव, दक्षिण कॅरोलायनातलं. त्याला या यादीत बढती मिळाली, सिंगल एवरून हाय ए. पण ग्रीनव्हिलने आधी काय भोगलं होतं ते पाहा. १९८४ पासून तिथे अटलांटा ब्रेव्ह्जचा डबल ए संघ होता. २००४ नंतर तो नव्या मैदानाच्या ओढीने मिसिसिपीला गेला. मिसिसिपीने त्याला वीस वर्षं सांभाळलं आणि २०२४ चा मोसम संपल्यावर तोच संघ जॉर्जियातल्या कोलंबसला गेला. संगीत खुर्चीचा खेळ हा. खुर्च्या गावांनी आणायच्या आणि संगीत दुसऱ्याने बंद करायचं.

खेळाडूंचंही बरं चाललं होतं असं समजू नका. मोसम नसेल तेव्हा पगार नाही, म्हणून हिवाळ्यात गोदामात नाहीतर दुकानात काम करणारे खेळाडू कितीतरी. आपल्याकडच्या वाचकांना रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवत असतील. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये, म्हणजे अशाच हिवाळी बातम्यांच्या दिवसांत, पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. त्यांच्यावर २०१४ मध्ये सिनेमा निघाला. सिनेमात करारावर गोष्ट संपते. प्रत्यक्षात दिनेशला २०१० च्या अखेरीला संघाने सोडून दिलं, आणि रिंकू खालच्या पायऱ्यांवर खेळत राहिला, दुखापती झाल्या, आणि शेवटी तो कुस्तीच्या रंगमंचावर गेला. पण खेळाडूंची बाजू निदान सावरली तरी. २०२२ च्या सप्टेंबरात मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले आणि मार्च २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल एचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेला, सगळ्यात खालच्यांचा ४,८०० वरून १९,८०० वर. फार नाही, पण दुपटीहून जास्त. मालकांची बाजू तर भक्कम आहेच. डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज नावाच्या एकाच कंपनीकडे आज तीसहून अधिक मायनर लीग संघ आहेत. म्हणजे मालक एकत्र आले, खेळाडू एकत्र आले. उरलं गाव.

इथे मला रॉचेस्टरची गोष्ट सांगायची आहे, त्या लांबलेल्या सामन्यात हरलेल्या रॉचेस्टरची. न्यू यॉर्क राज्यातला हा संघ १९२८ पासून रिकींच्या कार्डिनल्सच्या मालकीचा होता, अगदी शेतीतलं बियाणं. १९५६ चा मोसम संपल्यावर कार्डिनल्सने सांगितलं, आम्ही निघालो. म्हणजे पुढे पॉटकेटवर आली तीच वेळ, तोच हिवाळा. पण मॉरी सिल्व्हर नावाच्या तिथल्या व्यापाऱ्याने गावात शेअर विकायला काढले. ७२ दिवसांत ८,२२२ माणसांनी ते घेतले आणि संघ गावाचा झाला. त्यानंतर वरचे मालक बदलत गेले. १९६१ पासून बाल्टिमोर, २००३ पासून मिनेसोटा, आणि २०२० च्या त्या यादीने त्यांना वॉशिंग्टनच्या हाताखाली दिलं. संघ मात्र रॉचेस्टरला आहे, नाव रेड विंग्जच आहे. भाट बदललं, घर हललं नाही.

ही आपली गावकारी नाही तर दुसरं काय? जमीन कोणा एकाची नाही, गावाची. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं, पण वस्तू त्यांच्या आधीची. गावकारीत सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. बायकांना झोन नाही, गावात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कितीतरी जातींना तिथे बसायला जागा नाही, आणि आज त्या जमिनींचं काय चाललंय ते वर्तमानपत्रात रोज येतंच. रॉचेस्टरचे शेअर त्या मानाने बरे, जो पैसे देईल तो गावकार. मुद्दा एवढाच की जे गावाचं आहे ते विकायचं झालं तर निदान गावाला विचारावं लागतं.

कोणी म्हणेल, गावाच्या मालकीचे संघही २०२० मध्ये गेलेच की. गेले. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी क्लिंटन आणि बर्लिंग्टन ही दोन गावं आहेत. दोन्हीकडचे संघ गावाच्या मालकीचे आणि दोघांचीही नावं त्या यादीत नव्हती. पण पुढचं ऐका. २०२१ च्या उन्हाळ्यात ही दोन्ही गावं कॉलेजच्या मुलांच्या लीगमध्ये उतरली, त्याच मैदानांवर, त्याच नावांनी. दर्जा उतरला, हे खरं. पण संध्याकाळी दिवे लागले. लोवेल आणि क्लिंटन यांच्यातला फरक मी तरी एवढाच पाहतो, आणि मला तो पुरेसा वाटतो.

आपण हे लांबून पाहतोय असंही नाही. वर चढण्याची पायरी नसलेल्या बंद लीगची ही अमेरिकी घडण २०१४ मध्ये आपल्या फुटबॉलमध्ये आली. २०१६ मध्ये, तीच लीग सर्वांत वर बसणार हे दिसू लागलं तेव्हा, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांचा राग रास्त होता असंच माझं मत आहे. पण तो निर्णय घेतला मालकांनी. फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं बसणाऱ्या माणसाला तेव्हाही कोणी विचारलं नाही, आणि आपण विचारलं जावं असं त्यालाही वाटलं नाही. धेंपो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतले, ते खेळून, खालच्या पायरीवरून वर चढून. रेड सॉक्सच्या व्यवस्थेत ते शक्यच नाही. तिथे खेळाडू चढतो, संघ चढत नाही.

२०२० मध्ये १२० संघांना जे परवाने मिळाले ते दहा वर्षांचे आहेत, म्हणजे २०३० पर्यंतचे. सोबत मैदानांसाठी कडक नियम आले. दिव्यांचा प्रकाश किती, कपडे बदलायच्या खोल्या केवढ्या, चेंडू मारण्याच्या सरावाला छपराखालची जागा किती. ते पाळायचे म्हणून गावोगावी नगरपालिकांनी कर्जं काढली, त्यात रॉचेस्टरच्या मैदानाचीही डागडुजी झाली. अशी कर्जं वीस-तीस वर्षं फेडायची असतात, परवाना दहा वर्षांचा. एखाद्या गावाने या काळात संघाचे थोडे तरी शेअर स्वतःच्या नावावर करून घेतले, अशी बातमी कुठे येते का ते मी दर डिसेंबरला शोधतो. कोणाला किती कोटी मिळाले हे वाचायला पुष्कळजण आहेत.